मनगटाएवढी जागा

सकाळी पावणेअकराला पडद्यावरची रेघ तिसऱ्यांदा त्याच जागी खाली वाकली, आणि महरीनने कारण नसताना आपलं उजवं मनगट ओढणीखाली लपवलं. खोलीत दुसरं कोणी नव्हतं. खाली दारात अम्मी मासेवालीशी बांगड्यांच्या वाट्यावरून हुज्जत घालत होती, खिडकीबाहेर मांडवीचा समुद्र नोव्हेंबरच्या उन्हात पसरला होता, आणि पृथ्वीच्या पलीकडच्या अंगाला, दक्षिण अमेरिकेतल्या एका वाळवंटी डोंगरावर, अजून रात्र होती. त्या डोंगरावरच्या भल्यामोठ्या दुर्बिणीला गेले अकरा दिवस एक नवं यंत्र जोडलेलं होतं. ताऱ्यांचा डोळ्यांना न दिसणारा, उष्णतेच्या जातीचा उजेड घ्यायचा, तो फोडून सुटा करायचा आणि त्याची रेघ काढून दाखवायची, एवढंच त्याचं काम. कागदोपत्री नाव अवरक्त वर्णपटमापी. पण पुण्याच्या संस्थेत ज्यांनी सहा वर्षं खपून ते बांधलं ते सगळे त्याला नुसतं 'पिंप' म्हणत, कारण बाहेरून ते तेवढंच दिसायचं. पोलादाचं, बंद, छातीएवढं उंच पिंप. आतली हवा उपसून काढलेली आणि आतलं सगळं उणे दोनशे अंशांपर्यंत गार केलेलं, कारण जरा कुठे ऊब असली की त्या यंत्राला तीच दिसत राहते, तारा दिसत नाही. मनगट लपवून काय होणार होतं? पिंपाला ती इथे दिसत नव्हती. तरी तिने हात बाहेर काढला नाही.

तिकडची संध्याकाळ म्हणजे इकडची पहाट. त्यामुळे गेले अकरा दिवस ती पाचला उठून, चहाचा कप घेऊन या वरच्या खोलीत येऊन बसत होती. चाचण्या घरबसल्या करता येत होत्या, आणि मध्यंतरी अब्बांच्या छातीत दुखून आलं होतं, म्हणून तिने महिनाभर रत्नागिरीत राहायची परवानगी मागून घेतली होती. आज सकाळी पहिल्या ताऱ्याच्या रेघेत तो खड्डा दिसला तेव्हा पुण्याहून मृणाली सप्रे फोनवर जवळजवळ ओरडलीच होती. मृणाली या कामाची प्रमुख. एरवी आनंद झाला तरी तो आधी तपासून घेणारी बाई. "धूळ आहे गं ही! ताऱ्याच्या आणि आपल्या मधली. पहिल्याच पंधरवड्यात इतकी स्वच्छ दिसतेय, म्हणजे पिंप आपलं काय चीज आहे बघ!" महरीननेही "हो ना" म्हटलं होतं. तासभर तिनेही त्या धुळीवर विश्वास ठेवला. तिला ठेवायचाच होता. मग दुसरा तारा आला, अगदी शेजारचा, ज्याच्या आड धूळबिळ काही नाही, आणि खड्डा तिथेच होता. मग मृणालीने दुर्बिणीचं तोंड बंद करायला लावलं आणि पिंपाच्या स्वतःच्या आतला छोटा दिवा पेटवला. दिव्याचा उजेड पिंपाच्या पोटातून पोटातच जातो. आकाशाशी त्याचा काही संबंध नाही. त्या रेघेतही खड्डा होता. पावणेअकराला दिसला तो हाच. महरीनने परवाच्या आणि कालच्या दिव्याच्या रेघा काढून शेजारी लावल्या. परवा तो नखाएवढा होता, कुणाच्या नजरेत न भरणारा. काल त्याच्या दुप्पट. आज त्याच्याही दुप्पट.

तेल, तूप, मेण, चरबी, ग्रीस, अत्तर. या सगळ्यांची सही रेघेवर त्याच एका जागी उमटते. पिंपाच्या आत कुठेतरी असलं काहीतरी स्निग्ध होतं, ते त्या पोकळीत हळूहळू उडत होतं आणि जे सगळ्यांत गार त्याच्यावर, म्हणजे यंत्राच्या डोळ्यावर, रोज थोडं थोडं साचत होतं. हे पुण्यात मृणालीला आत्तापर्यंत कळलंच असणार. कुणालाही कळलं असतं. महरीनला मात्र त्यापुढचंही कळलं होतं. तिने तळहात सलवारीला पुसले आणि पुन्हा मनगट ओढणीखाली घेतलं. ते तेल नव्हतं, तूप नव्हतं. तो ऊद होता, अब्बांच्या कुपीतलं अत्तर. त्याचं नाव रेघेवर लिहिलेलं नसतं, खड्ड्याला वास नसतो, तरी तिला इथे बसून तो येत होता.

मार्चमधला रविवार होता तो. ईद करून ती पहाटेच्या गाडीने पुण्याला परत निघाली होती. दारात अब्बांनी नेहमीसारखे तिचे दोन्ही हात पुढे घेतले आणि अत्तराच्या कुपीतली काचेची काडी एकेका मनगटावर फिरवली. घरातून कुणीही लांब निघालं की अब्बा हे करतात. लहानपणी शाळेच्या सहलीला जवळच्याच आरे-वारेच्या किनाऱ्यावर जायचं असलं तरी करत. मस्कतहून आणलेला ऊद, काळपट, दाट, तिळाएवढा लागला तरी दोन दिवस न सोडणारा. त्या दिवशी तिळाएवढा नव्हता. मनगटावरून ओघळ कोपराकडे गेला होता आणि तिने तो अब्बांसमोर पुसला नव्हता. दुपारी पुण्याला उतरते तोच निरोप आला की पिंप न्यायला गाडी उद्या सकाळीच येतेय, आज संध्याकाळी झाकण बंद करायचं. खोलीवर न जाता ती सरळ संस्थेत गेली. साबणाने हात धुतले, बोटं, तळवे, नखं, सगळं. पांढरा झगा चढवला, टोपी, हातमोजे. नियम असा की मोज्याची कड आणि झग्याची बाही यांच्यावरून चिकटपट्टी गुंडाळायची, म्हणजे मनगटाची चामडी कुठे उघडी पडत नाही. चिकटपट्टीचं रीळ संपलेलं होतं. नवीन खालच्या मजल्यावर, कपाटात, किल्ली दुसऱ्याकडे. आणि आत, अगदी तळाशी, चंदेरी गोधडीची शेवटची घडी खोचायची राहिली होती. पिंपाच्या पोटाला बाहेरची ऊब लागू नये म्हणून असल्या तलम चंदेरी गोधड्या आतून गुंडाळतात, आणि तिथपर्यंत पोचणारा बारीक हात सगळ्या चमूत एकट्या महरीनचा. असल्या अडचणीच्या जागा सहा वर्षं तिच्याच वाट्याला आल्या होत्या आणि तिला त्याचा अभिमान होता. तिने उजवा हात खांद्यापर्यंत आत घातला. घडी खोचताना बाही मागे सरकली. मनगट गोधडीच्या दुसऱ्या पदराला घासलं, एकदाच, ओझरतं. हात बाहेर काढला तेव्हा पिंपाच्या तोंडातून ऊदाचा वास आला. एक श्वासभर. मग गेला.

गेला असं तिने ठरवलं. सांगितलं असतं तर सगळ्या गोधड्या उलगडाव्या लागल्या असत्या, तीन दिवस गेले असते, गाडी परत पाठवावी लागली असती. आणि मुख्य म्हणजे सांगायचं काय? की माझ्या बापाने मला अत्तर लावलं? समोरच्या यादीत एक ओळ होती: बाह्यांची कड चिकटपट्टीने बंद केली. तिने तिच्यापुढे बरोबरची खूण केली आणि खाली सही ठोकली. मनगटाएवढी जागा. एवढ्याशाने काय होतंय, असं ती त्या रात्री झोपताना म्हणाली आणि खरोखर झोपली. आता वाटतं, ती झोप कशी लागली असेल?

खालून अब्बांच्या खाकरण्याचा आवाज आला. आज शुक्रवार, ते नमाजेची तयारी करत असणार. अब्बा, म्हणजे हाशिमभाई, आयुष्यभर जहाजाच्या इंजिनखोलीत तेलवाले होते. वंगण घालायचं, पुसायचं, ऐकायचं आणि हुंगायचं. कुठला पंप तापलाय, कुठल्या नळीला भेग गेलीय, हे त्यांना वासावरून कळायचं म्हणे, आणि त्यांच्या नाकासाठी चीफ इंजिनीअर त्यांना झोपेतून उठवून खाली नेत. हे 'म्हणे' महरीनने कधी मानलं नव्हतं. तिच्यासाठी ते खरंच होतं, कारण यंत्राला जीव लावायचा असतो हे तिला पुस्तकातून नव्हे, तर सुट्टीवर आलेल्या बापाच्या हातांच्या वासातून कळलं होतं. मग तो ताप आला, सगळ्या जगाला आला तोच, आणि जाताना अब्बांचं नाक घेऊन गेला. त्यांनी कुणाला फारसं सांगितलं नाही. एकदाच, कढईतला मसाला करपून घर धुराने भरलं आणि ते शेजारच्याच खोलीत वर्तमानपत्र वाचत बसलेले, तेव्हा अम्मी रडली होती. तेव्हापासून ते अत्तर अंदाजाने लावतात. अंदाज चुकतो. स्वतःला इतकं लावतात की ते यायच्या आधी जिन्यात वास येतो. आणि दर वेळी विचारतात, बरोबर आहे ना? घरातल्या सगळ्यांनी, न बोलता, एक ठरवून टाकलेलं आहे. बरोबर आहे, अब्बा. मस्त आहे.

साडेअकराला फोन वाजला तेव्हा ती खुर्चीतल्या खुर्चीत दचकली. गौरव होता. गौरव हा चिपळूणचा, हवा उपसणाऱ्या पंपांचं सगळं काम त्याच्याकडे, आणि सध्या तो तिकडे त्या डोंगरावर पिंपापाशीच होता. वशिष्ठी नदीचं पाणी घरात छातीपर्यंत चढलं त्या वर्षी त्याने ही नोकरी धरली होती. अजून घराचा वरचा मजला बांधायचा राहिलाय असं तो हसत हसत सांगायचा. दोघांची बोली एक, म्हणून मृणालीच्या बैठका संपल्या की हे दोघे मागे राहून आपल्या भाषेत बोलत.

"महरीनताई, बघितलंव ना?"

"बघितलं."

"तेल हाय ता. पंपाचा तेल." त्याचा आवाज अगदी सपाट होता. "परवाच्या आदल्या दिवशी इथली वीज गेली होती, तेव्हा मी व्हॉल्व आधी बंद केला की पंप आधी थांबला, मला आठवतच नाय हो. उलटा झाला असेल तर तेल मागं पिंपात गेलं असणार. माझ्याच हातून झालाय."

"तुला आठवत नाही म्हणतोयस ना? मग..."

"आठवत नाय म्हणजेच झाला असणार. मी मघापासना तोच विचार करतोय. साडेबाराच्या बैठकीत मॅडमना सांगून टाकतो. घरी कळवू नका हां, आई ऐकेल तर जेवायची नाय."

"बरं," ती म्हणाली, आणि फोन ठेवल्यावर तिला स्वतःच्या त्या एका शब्दाची इतकी भीती वाटली की ती उठून उभी राहिली. खोलीत चार पावलं इकडे, चार पावलं तिकडे. बरं! किती सहज निघालं ते. म्हणजे हे जमतंय. माणसाला जमतं. साडेबारा वाजतील, गौरव सांगेल, मृणाली लिहून घेईल, पंप बदलतील, गौरव परत येईल, पुढच्या वर्षी त्याचा करार कुणी वाढवणार नाही, आणि महरीन इथे बसून "अरेरे" म्हणेल. पण तेवढ्यावर भागणार नव्हतं, कारण यंत्राला दया येत नाही. पंप बदलून पिंप पुन्हा गार करतील आणि गोधडीच्या दुसऱ्या पदरावरची ती मनगटाएवढी जागा तशीच राहील. खड्डा पुन्हा येईल. रोज दुपटीने येईल. मग सहा वर्षांचं पिंप निकामी ठरवून उतरवतील, आणि जगात एकट्या तिला ठाऊक असेल की कुठे हात घालून पुसलं असतं तर ते वाचलं असतं. आणि सांगितलं तर? खोटी खूण, खोटी सही. या कामात एकदा सही खोटी निघालेल्या माणसाला पुन्हा पिंपात हात घालू देत नाहीत. आणि अत्तर हा शब्द बैठकीत उच्चारायचा. तिने ते चेहरे डोळ्यांसमोर आणून पाहिले, संस्थेतले, भोजनगृहातले. कुणी वाईट बोलणार नाही, सगळे सभ्य आहेत; फक्त पुढे कधीतरी ती जवळून गेली की कुणीतरी नकळत श्वास ओढून बघेल. तिला आत्ताच अंग आक्रसल्यासारखं झालं. कशाची भीती जास्त आहे, हे ठरवायलाही वेळ नव्हता. बारा वाजून पंचवीस मिनिटं झाली होती.

बैठकीत तिघंच होती. पुण्याला मृणाली, मागे फळा, डोंगरावर गौरव, लाल डोळे, कानटोपी, आणि महरीन. तिने आवाज बंद ठेवला होता. गौरवने व्हॉल्वची हकिगत सांगितली, न अडखळता. पाठ केली असावी. मृणाली रागावली नाही. तिने चष्मा काढून डोळे चोळले.

"गौरव, खात्री नाही म्हणतोस, पण दुसरं कारणही दिसत नाही. तू हे चार ओळीत लिहून दे. एक वाजता मला तिकडच्या लोकांना कळवावं लागेल. पंप बदलू, पुन्हा गार करू. तुला परत यावं लागेल, त्याला माझा इलाज नाही. महरीन, तुला काही म्हणायचंय?"

त्याच वेळी जिन्यात वास आला. मग पावलं. अब्बा पांढऱ्या कुडत्यात दारात उभे होते, हातात कुपी. "कामात हायस काय गो?" असं म्हणत ते आलेच आत, आणि पडद्यावरच्या माणसांना ऐकू जाईल म्हणून आवाज बारीक करून म्हणाले, "हात दे. जुम्मा हाय." तिने हात दिला. दुसरं काय करणार? थंड काच मनगटावर फिरली, एकदा, दोनदा. काळपट थेंब ओघळून कोपराकडे निघाला.

"बरोबर ना? माझ्या नाकाचा काय खरा नाय."

"महरीन?" पुण्याहून मृणाली म्हणाली. "आवाज बंद आहे तुझा."

अब्बांना बाहेर पाठवायला हवं होतं. अब्बा, पाच मिनिटं खाली थांबा, एवढं म्हणायचं. पण ते पलंगावर टेकले होते, जिना चढून आलेल्या माणसाचा दम खात, एक हात छातीवर. छातीवरचा तो हात बघून तिने ते म्हटलं नाही. मग तिने पडद्यावर गौरवकडे पाहिलं. तो खाली मान घालून खरोखरच लिहायला लागला होता. तिने आवाज चालू केला.

"गौरव, लिहू नकोस," ती म्हणाली. "ते पंपाचं तेल नाही. ते माझ्या हातावरचं अत्तर आहे. झाकण लावायच्या दिवशी मी बाहीला पट्टी लावली नव्हती. माझं मनगट आतल्या गोधडीला लागलं. दुसरा पदर, डावीकडून तिसरी घडी, तळापासून वीतभर वर. मला तेव्हाच वास आला होता. मी यादीत खोटी खूण केली."

गौरवचं पेन तसंच धरलेलं. मृणालीने चष्मा परत लावला आणि फळ्यावर लिहिलं: दुसरा पदर, तिसरी घडी. मग पाठ तशीच ठेवून ती म्हणाली, "आठ महिने, महरीन." आणि वळून, "पिंप ऊबदार करायला घ्या. उघडू. गौरव, तू तिथेच राहणार आहेस. महरीन, तू सोमवारी पुण्याला ये. लेखी घेऊन ये." बैठकीची चौकट काळी झाली. शेवटच्या क्षणी गौरव काहीतरी म्हणत होता, ओठ हलले, ऐकू आलं नाही.

महरीन वळली नाही. मागे पलंगाचा आवाज आला नाही, म्हणजे अब्बा बसलेलेच होते. आता खरी भीती वाटत होती, इतका वेळ वाटत होती ती नुसती तयारी होती. पडद्याच्या कोपऱ्यात पिंपाचं तापमान दिसत होतं. उणे दोनशे एक. ती त्या आकड्याकडे बघत राहिली.

"तां अत्तर मी लावलेला," अब्बा म्हणाले.

"चूक माझी आहे, अब्बा. पट्टी मी..."

"जास्त लावलेला काय?"

ती खुर्चीसकट त्यांच्याकडे वळली.

"कधीपासना जास्त लागताय?"

"तापानंतर," ती म्हणाली. "पहिल्यापासून."

अब्बांनी मान हलवली. "मशिदीत तो अन्वर... नाय, आपला रशीद," त्यांची जीभ नावांत अडखळली. "रशीद माझ्या बाजूची जागा सोडून मागच्या सफीत, मागल्या रांगेत जातो. मला वाटायचा, माझ्यावर रुसलाय. दोन वर्षा मी त्याच्याशी बोलत नाय." ते हसतील असं तिला वाटलं. ते हसले नाहीत. चेहरा एकदम म्हातारा झाला होता, आणि छातीवरचा हात खाली घ्यायचं त्यांना सुचलं नव्हतं. "इंजिनखोलीत असा असता तर माणसा मेली असती. कुणी तरी सांगायचा होता. तू तरी."

बाहेर बांग सुरू झाली. ते उठले नाहीत. त्यांनी कुपीचं बूच काढलं, काच बुडवली, आणि स्वतःच्या मनगटावर एक थेंब ठेवला, अगदी जपून. मग ते मनगट त्यांनी तिच्या नाकापुढे धरलं आणि तिच्या तोंडाकडे बघत राहिले, पूर्वी चीफ इंजिनीअर त्यांच्या तोंडाकडे बघत असेल तसे.

"आता सांग."

पडद्यावरचा आकडा बदलला होता. उणे दोनशे. महरीनने श्वास घेतला. तिच्या स्वतःच्या हाताचा वास, खोलीचा वास, सगळं मध्ये येत होतं. तिने डोळे मिटले आणि पुन्हा घेतला.

"जास्त आहे, अब्बा," ती म्हणाली.

त्यांनी तो बाहीला पुसला आणि काच पुन्हा कुपीत बुडवली.